लिबमॅडचा आधार काढायचा आहे: एमपी३ डिकोडर बदलताना साठवलेले क्यू पॉइंट सरकू नयेत म्हणून काय करावं?

स्वरपट्टी

मुक्तस्रोत ऑडिओ प्लेअर आहे, सी मध्ये लिहिलेला. एमपी३ डिकोड करायला लिबमॅड ०.१५.१बी आणि टॅग वाचायला लिबआयडी३टॅग, ही जुनी जोडी त्यात अजून चालू आहे. दोन्हींचे मूळ टारबॉल (सोर्स कोडची गाठोडी) २००४ सालचे. पुढच्या मोठ्या आवृत्तीत ही जोडी काढायचं ठरतंय. त्याआधी काही गोष्टी पक्क्या करायच्या आहेत.

१. जागी काय घ्यावं? एमपीजी१२३, एफएफएमपेग, की एकाच हेडरमध्ये मावणारा मिनीएमपी३? फ्लॅक, व्हॉर्बिस आणि ओपससाठी आम्ही त्यांच्या त्यांच्या लायब्ररी वापरतो. एफएफएमपेग सध्या कुठेच नाही.

२. क्यू पॉइंट (गाण्यात खूण करून ठेवलेल्या जागा) आणि लूप आम्ही सॅम्पल क्रमांकात एसक्यूलाइटमध्ये साठवतो. चाचणीच्या ब्रँचमध्ये एमपीजी१२३ लावल्यावर काही फायलींत क्यू साधारण ५१ मिलिसेकंदांनी सरकले, काहींत २६ ने, काहींत तसूभरही नाही. यात नियम काय आणि जुना डेटा वळवायचा कसा?

३. एफपीयू (फ्लोटिंग पॉइंट गणिताचं हार्डवेअर) नसलेल्या एआरएम बोर्डांवरही प्लेअर चालतो. त्यांचं काय?

४. इशारा किती आवृत्त्या आधी द्यावा?

सध्याचा डिकोड लूप मिनीमॅड या नमुना प्रोग्रॅमच्या धर्तीवर आहे: फ्रेम डिकोड करा, सिंथ (आवाजाचे सॅम्पल बनवणारा टप्पा) चालवा, गोलाई करून १६ बिटांत आणा. गॅपलेसची (सुरुवातीची-शेवटची भर कापून गाणी सलग वाजवण्याची) सोय नाही.

---

नमुना_४४१००

तुमचे तीन आकडेच निदान सांगतायत. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरं काम तिथेच आहे. बाकीचं दोन दिवसांत उरकेल.

एमपेग-१ लेयर ३ च्या एका फ्रेममध्ये १,१५२ सॅम्पल असतात. बऱ्याच फायलींत पहिल्या फ्रेममध्ये संगीत नसतंच, तिथे झिंग किंवा इन्फो हेडर (फायलीची माहिती देणारं) असतं. लिबमॅडला त्या हेडरशी देणंघेणं नाही. त्याच्या दृष्टीने ती एक वैध फ्रेम, म्हणून तो ती इमानेइतबारे डिकोड करून १,१५२ शून्यं हातात देतो. ४४,१०० हर्ट्झला हे २६.१२ मिलिसेकंद होतात. एमपीजी१२३ ही फ्रेम ओळखतो आणि आवाजात धरत नाही. तुमच्या २६ वाल्या फायली या.

५१ वाल्या फायलींत याच हेडरच्या पुढे लेम या एमपी३ एन्कोडरची जोड आहे. तिच्यात एन्कोडरने सुरुवातीला किती सॅम्पल विलंब घातला (बहुधा ५७६) आणि शेवटी किती भर घातली, हे लिहिलेलं असतं. त्यात डिकोडरचा स्वतःचा ५२८ + १ चा विलंब मिळवा. एमपीजी१२३ मध्ये गॅपलेस झेंडा (फ्लॅग) मुळातच चालू असतो, त्यामुळे तो हे सगळं कापून देतो. म्हणजे १,१५२ + ५७६ + ५२९ = २,२५७ सॅम्पल, ५१.१८ मिलिसेकंद. न सरकलेल्या फायलींत हेडरच नाही.

पडताळायला एफएफप्रोब (एफएफएमपेगचं फाइल तपासायचं साधन) चालवा. लेमने केलेल्या ४४,१०० च्या फायलीला तो सुरुवात ०.०२५०५७ सेकंद दाखवतो. ५७६ + ५२९ = १,१०५, भागिले ४४,१००. तोच हिशेब.

त्यामुळे सगळ्या ओळींतून २,२५७ वजा करणारी एक एसक्यूएल क्वेरी चालवायचा मोह झाला तर आवरा. फाइलगणिक आकडा वेगळा असतो आणि तो फायलीतूनच वाचावा लागतो:

- लेम जोडीच्या सुरुवातीपासून, म्हणजे एन्कोडरच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून, २१ बाइट पुढे जा. तिथले ३ बाइट घ्या. वरचे १२ बिट म्हणजे विलंब, खालचे १२ बिट म्हणजे शेवटची भर.
- नाव 'लेम' असेल तरच वाचायचं अशी अट घालू नका. एफएफएमपेगने लिहिलेल्या फायलींत त्या जागी 'लॅव्हएफ' किंवा 'लॅव्हसी' असतं आणि आकडे तरीही खरे असतात.
- एमपेग-२ च्या (२२,०५०, २४,०००, १६,००० हर्ट्झ) फायलींत फ्रेम ५७६ सॅम्पलची. तिथे १,१५२ वजा केलेत तर क्यू उलट दिशेने सरकेल.
- हेडर आहे पण जोड नाही, तर फक्त एक फ्रेम वजा. हेडरच नाही, तर शून्य.
- वजाबाकी ऋण आली तर शून्यावर आणा. अगदी सुरुवातीला लावलेल्या क्यूंचं असं होतं.

टेबलमध्ये क्यूच्या ओळीला 'कालरेषा' असा एक पूर्णांक रकाना जोडा: १ म्हणजे जुनी, २ म्हणजे नवी. बदल फाइल उघडली जाईल तेव्हाच करा, आवृत्ती अद्ययावत होताना एकदम नको. डेटाबेसमधल्या निम्म्या फायली त्या क्षणी न जोडलेल्या डिस्कवर असू शकतात. जुना आकडा किमान एक आवृत्तीभर वेगळ्या रकान्यात राहू द्या, म्हणजे कुणी मागच्या आवृत्तीवर परतलं तर वांधे होणार नाहीत. वेव्हफॉर्म आणि बीटग्रिडची (तालाच्या खुणांची) कॅशे मात्र सरळ फेकून द्या, ती पुन्हा बनते.

सूत्र बरोबर बसलं का हे बघायला सर्वात स्वच्छ चाचणी: शांत वेव्ह फाइल घ्या, ४४,१०० व्या सॅम्पलवर एकच टोक (एका सॅम्पलचा ठोका) ठेवा, लेमने एन्कोड करा आणि दोन्ही डिकोडरांतून काढा. टोक थोडं पसरतं, पण शिखर जागेवर राहतं. एमपीजी१२३ कडून ते ४४,१०० वर यायला हवं, तुमच्या सध्याच्या लूपमधून ४६,३५७ वर. ४५,२०५ वर आलं तर समजा की तुमचा कोड कुठेतरी इन्फो फ्रेम आधीच वगळतोय.

---

पॅकेजवाला

बिल्डच्या बाजूने थोडं.

आधी थर्ड-पार्टी फोल्डर उघडून बघा, लिबमॅडची प्रत तिथे पडलेली आहे का. डेबियनसारखी लिनक्स वितरणं ०.१५.१बी वर स्वतःचे पॅच लावतात. २०१७ साली नोंदलेल्या सीव्हीई-२०१७-८३७२, ८३७३ आणि ८३७४ या सुरक्षा त्रुटी मूळ टारबॉलमध्ये तशाच आहेत. लिनक्सवर वितरणाची पॅच केलेली लायब्ररी जोडली जाते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये मात्र २००४ चा कच्चा माल जातो, असा प्रकार फार दिसतो. तुमच्याकडे तसं असेल तर मोठ्या आवृत्तीची वाट न बघता तेवढी प्रत आजच बदला.

मूळ कॉन्फिगर स्क्रिप्ट जीसीसीला 'फोर्स-मेम' हा पर्याय देते. तो जीसीसी ४.३ मध्ये काढून टाकला, त्यामुळे कच्चा टारबॉल आजच्या जीसीसीवर बिल्डच होत नाही. तो पर्याय सेडने (मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने) उडवणारी ओळ तुमच्या सीआय (आपोआप बिल्ड आणि चाचणी करणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये असणारच. तीही यादीत घ्या, नाहीतर लायब्ररी गेल्यावरही ती ओळ मागे राहते आणि नव्या माणसाला कळत नाही की ही कशासाठी.

लिबमॅडसोबत पॅकेज-कॉन्फिगची (लायब्ररी कुठे आहे ते बिल्डला सांगणारी) फाइल मुळात येत नाही, काही वितरणं ती स्वतः घालतात. म्हणून अशा प्रकल्पांत शोधायचे दोन मार्ग असतात: आधी पॅकेज-कॉन्फिग, ते फसलं तर लायब्ररीत फंक्शन शोधणं. काढताना दुसरा मार्ग हमखास राहून जातो. एमपीजी१२३ चं सोपं आहे, त्याची स्वतःची फाइल येते, त्यामुळे मेसन या बिल्ड साधनात एका ओळीत भागतं. शिवाय लिबमॅडचं हेडर कॉन्फिगरच्या वेळी त्या त्या मशीनसाठी तयार होतं. गुणाकार कोणत्या पद्धतीने करायचा आणि इंटचा आकार किती, हे त्यातच कोरलेलं असतं. ३२ आणि ६४ बिटांची डेव्हलपमेंट पॅकेजं शेजारी ठेवायला हीच अडचण.

चौथ्या प्रश्नाबद्दल: दोन आवृत्त्या पुरतात.

पहिल्या आवृत्तीत एमपीजी१२३ मूळ पर्याय, लिबमॅड बंद पण हवा असल्यास चालू करता येईल असा. चालू केल्यास कॉन्फिगरच्या शेवटच्या सारांशात ठळक इशारा द्या. मधेच छापलेला इशारा तीनशे ओळींत वाहून जातो आणि पॅकेज बनवणारे तो कधीच वाचत नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत कोड काढा, पण बिल्ड पर्यायाचं नाव मात्र ठेवा आणि तो दिला तर स्पष्ट संदेशासह बिल्ड थांबवा. 'अनोळखी पर्याय' पेक्षा 'लिबमॅडचा आधार काढला आहे, एमपीजी१२३ वापरा' हे वाचलं की तक्रारी निम्म्याने कमी येतात.

वापरणाऱ्याच्या सेटिंग फायलीत डिकोडरचं नाव लिहिलेलं असेल, तर जुनं नाव गुपचूप नव्याकडे वळवा. त्या कारणाने प्रोग्रॅम सुरूच न होणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे.

परवान्याचं एवढंच की लिबमॅड जीपीएल आहे आणि एमपीजी१२३ एलजीपीएल २.१. लिबमॅड गेली म्हणून तुमच्या प्रकल्पाचा परवाना आपोआप सैल होत नाही. श्रेयनामावलीची फाइल तेवढी सुधारा.

---

स्थिरबिंदू

सगळे काढायच्याच मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. लिबमॅड मेलेली नाही. ऑडॅसिटीतून फुटलेल्या टेनॅसिटीच्या लोकांनी लिबमॅड आणि लिबआयडी३टॅग दोन्ही सांभाळायला घेतल्यात, ०.१६ ची मालिका आहे, बिल्ड सीमेकवर आहे. तुमचं दुखणं 'बिल्ड होत नाही' एवढंच असेल, तर तिकडे वळणं हा एका दुपारचा मामला आहे आणि एकही क्यू हलणार नाही.

दुसरं, लिबमॅड पूर्ण पूर्णांकी गणितावर चालते. आतली संख्या २८ बिट अपूर्णांकाची, फ्लोटिंग पॉइंटचा स्पर्शही नाही. एफपीयू नसलेल्या चिपवर फ्लोटचं गणित सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि तिथे खरा फरक पडतो. रॉकबॉक्स या प्लेअर फर्मवेअरचा एमपी३ कोडेक लिबमॅडवरूनच बेतलेला आहे, तो काही उगाच नाही.

---

नमुना_४४१००

@स्थिरबिंदू, ०.१६ बद्दल सहमत. लगेच काढता येत नसेल तर आजचा उपाय तोच, आणि वर पॅकेजवाला म्हणतात त्या विंडोजच्या प्रतीसाठी तर उत्तमच. पण गॅपलेस, इन्फो फ्रेम, आयडी३ टॅग ओलांडणं, सीक, ही सगळी कामं लिबमॅड मुळातच अंगावर घेत नाही. ती प्लेअरच्या कोडमध्ये आहेत आणि तिथेच राहतील. काढायचं खरं कारण ते आहे, लायब्ररीचं वय नाही.

एफपीयूबद्दल: एमपीजी१२३ बिल्ड करताना सीपीयूच्या पर्यायात 'एआरएम नोएफपीयू' किंवा 'जेनेरिक नोएफपीयू' निवडता येतं. मग आतलं गणित पूर्णांकी होतं. अट एकच, त्या बिल्डमध्ये फ्लोट आउटपुट मिळत नाही. स्वरपट्टी, तुम्ही नवा कोड फक्त फ्लोट धरून लिहिलात तर नेमका त्या बोर्डांवर फॉरमॅट ठरवतानाच नकार येईल. १६ बिटांची वाट शाबूत ठेवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एमपीजी१२३. एफएफएमपेग आधीपासून जोडलेलं असतं, तर तेच वापरा म्हटलं असतं. एकासाठी दुसरं अवलंबित्व आणण्यात अर्थ नसतो. पण फक्त एमपी३ साठी ते आणणं म्हणजे दर मोठ्या आवृत्तीला एपीआयमागे धावणं. जुनी डिकोड फंक्शनं ५.० मध्ये, २०२२ साली गेली, चॅनल लेआउटचा जुना प्रकार ७.० मध्ये, २०२४ साली. मिनीएमपी३ सुटसुटीत आहे, परवानाही मोकळा, पण कोड तुमच्या झाडात येतो आणि त्याची देखभाल तुमच्याकडे. हीच तर लिबमॅडच्या प्रतीची कथा होती. ऑडॅसिटीनेही लिबमॅड सोडून एमपीजी१२३ धरलं आहे.

---

स्वरपट्टी

खूप उपयोगी. दोन शंका उरल्या.

एक: पहिल्याच वाचनाला एमपीजी१२३ शून्य बाइट आणि काहीतरी ऋण कोड देतो, आमचा कोड ती चूक समजून फाइल बंद करतो. सध्या पहिला कॉल सोडून दिलाय, पण ते बरोबर वाटत नाही.

दोन: रेडिओच्या प्रवाहातून कापलेल्या काही फायलींत इन्फो हेडर नाही, म्हणजे सूत्राने फरक शून्य यायला हवा, पण टोकांची तुलना केली तर बरोबर एका फ्रेमचा फरक दिसतो.

---

कोडझाडू

पहिलं: तो उणे ११, 'नवा फॉरमॅट'. ती चूक नाही. दर आणि चॅनल आता कळले, विचारून घ्या आणि पुन्हा वाचा, एवढाच त्याचा अर्थ. पहिला कॉल डोळे झाकून सोडलात तर मधेच सॅम्पल दर बदलणाऱ्या फायलीत पुन्हा तिथेच अडकाल, कारण हा कोड मधेही येऊ शकतो. उणे १० म्हणजे आणखी बाइट द्या, उणे १२ म्हणजे संपलं. हे तिघे वेगळे हाताळा, उरलेले ऋण कोड खऱ्या चुका. आकडे लिहू नका, हेडरमधली नावं वापरा.

फॉरमॅट आधीच बांधून घ्या: सगळे फॉरमॅट रद्द करा आणि मग हवे ते दर एकेक करून एकाच एन्कोडिंगसह परवानगीत घाला. नाहीतर नोएफपीयू बिल्ड एक एन्कोडिंग देईल, डेस्कटॉप दुसरं.

दुसरं: लेयर ३ मध्ये फ्रेमचा डेटा आधीच्या फ्रेमांत मागे पसरलेला असतो, कमाल ५११ बाइट. प्रवाह मधेच कापला की पहिल्या फ्रेमला लागणारा मागचा भाग फायलीत नसतोच. लिबमॅड तिथे 'बॅड डेटा पॉइंटर' ही चूक देते. ती सुधारण्याजोग्या वर्गातली, म्हणून मिनीमॅड धाटणीचा लूप पुढे सरकतो आणि ती फ्रेम आउटपुटमध्ये येतच नाही. दुसरा डिकोडर तीच फ्रेम शांततेने भरून देऊ शकतो. फरक नेहमी पूर्ण फ्रेमांचा असतो, पण एक की दोन, हे फाइल ठरवते. सूत्र इथे चालत नाही.

म्हणून संक्रमणाच्या आवृत्तीत लिबमॅड वाजवायला नाही तरी मोजायला ठेवा. हेडर नसलेली आणि क्यू असलेली फाइल पहिल्यांदा उघडली की दोन्ही डिकोडरांतून सुरुवातीचे ३ सेकंद काढा, एक बाजू १,१५२ च्या पटीत उणे ३ ते अधिक ३ फ्रेम सरकवून बघा, जिथे फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वात कमी तो आकडा घ्या. एमपेग-२ ला ५७६ च्या पटीत. सुरुवात शांत असेल तर हा उपाय फसवतो, त्यामुळे आवाज ठरावीक पातळीवर चढल्यावरचा तुकडा घ्या.

सॅम्पल तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा मात्र नको. गोलाई वेगळी, गणित वेगळं; एमडी५ ची (डेटाच्या ठशाची) तुलना पहिल्याच फायलीत पडेल. मानकातला पूर्ण अचूकतेचा निकष वापरा: पूर्ण पट्ट्याच्या तुलनेत कमाल फरक २ चा उणे १४ वा घात. १६ बिटांत तो २ एककं होतो.

आणखी तीन खड्डे, कुणी बोललं नाही म्हणून:

शेवटची फ्रेम. लिबमॅडला बफरच्या शेवटी ८ शून्य बाइटांची राखण लागते, ती दिली नाही तर शेवटची फ्रेम कधीच डिकोड होत नाही. तुमच्या लूपमध्ये ती नसेल, तर डेटाबेसमधल्या जुन्या लांब्या एका फ्रेमने कमी आहेत. लांबी बघून 'फाइल बदलली' असं ठरवणारा कोड असेल तर अख्खी लायब्ररी पुन्हा स्कॅन होईल.

कचरा. फायलीच्या मध्ये निरुपयोगी बाइट असतील तर लिबमॅड कितीही पुढे जाऊन सिंक (पुढच्या फ्रेमची सुरुवात) शोधत राहते. एमपीजी१२३ ठरावीक मर्यादेनंतर हात टेकतो, मूळ मर्यादा १,०२४ बाइट. खराब फायली अर्ध्यावर थांबल्याच्या तक्रारी यातून येतात. ती मर्यादा काढायची तर उणे १ द्या, पण नेटवर्कवरून येणाऱ्या प्रवाहाला ती राहू द्या.

लांबी. हेडर नसलेल्या बदलत्या बिटरेटच्या फायलीत एमपीजी१२३ ने सांगितलेली लांबी अंदाज असतो. क्यू असलेल्या फायलींना आधी पूर्ण स्कॅन करायला सांगा, बाकीच्यांना नको, उगाच डिस्क घासली जाते.

चाचणी संचात किमान हे असू द्या: लेमची साधी फाइल, लेमच्या उणे टी पर्यायाने हेडरविना केलेली, २२,०५० ची मोनो, लेयर २, फ्री-फॉरमॅट (फ्रेममध्ये बिटरेट न लिहिलेली), मोठं मुखपृष्ठ असलेला आयडी३ टॅग, शेवटी एपीई टॅग, मधूनच तोडलेली आणि शून्य बाइटांची.

---

स्वरपट्टी

शेवटची फ्रेम आमच्याकडे खरंच गळत होती, लांब्यांचं कोडं सुटलं. टॅगसाठी टॅगलिब घ्यावं का, की एमपीजी१२३ च्या आतल्या आयडी३ वर भागेल?

---

पॅकेजवाला

फक्त वाचायचे असतील तर भागेल. मुखपृष्ठ हवं तर त्याचा वेगळा झेंडा चालू करावा लागतो, मुळात तो बंद असतो. टॅग लिहायचे असतील तर टॅगलिब. तिची २.० ही आवृत्ती २०२४ ची आहे आणि तिला सी++१७ लागतं, त्यामुळे जुन्या बोर्डांचं टूलचेन आधी तपासा, १.१३ वरही तुमचं काम होईल.

लिबआयडी३टॅग मात्र लिबमॅडसोबत त्याच कमिटमध्ये काढू नका. डिकोडर बदल, क्यूचं स्थलांतर, टॅग बदल आणि प्रत्यक्ष कोड हटवणं, असे चार वेगळे कमिट करा, हटवण्याचा शेवटी. क्यूंबद्दल तक्रार आली तर बायसेक्ट करणाऱ्याला (कमिट अर्धे-अर्धे करत दोष शोधणाऱ्याला) टॅगच्या गोंधळातून वाट काढायला लागू नये.